अकरा अक्षरं, बारा बाया

घाटंजीच्या बसस्टँडसमोर माझा एस.टी.डी. बूथ होता आणि त्याला लागून परवेजचा ‘आरजू फोटो स्टुडिओ’. आरजू कोण, हे त्याला अर्ध्या गावाने विचारून पाहिलं. त्याच्या आईने, बिस्मिल्लाबीने, तर दोन महिने गुपचूप तपास केला. शेवटी निघालं ते एवढंच, की दिग्रसला कुणाचा तरी स्टुडिओ बंद पडला, त्याची पाटी चांगली दणकट होती आणि परवेज ती एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला. नाव बदलायला पेंटर बोलावला होता. पेंटर म्हणाला, “राहू दे ना भाऊ, चांगलं दिसते.” परवेज म्हणाला, “राहू दे.”

हा त्याचा स्वभावच. एकोणतीस वर्षांचा शिडशिडीत माणूस, कपाळावर सतत केसांची एक बट, आणि तोंडात कायम एकच उत्तर: “होऊन जाईन ना.” पासपोर्ट फोटोत माझं टक्कल झाकशील का? होऊन जाईन ना. आमच्या आजीचा फोटो नाही, पण ती आत्यासारखी दिसायची, आत्याच्या फोटोवरून आजी करशील का? होऊन जाईन ना. मग गिऱ्हाईक गेलं की माझ्याकडे वळून म्हणायचा, “घनश्यामभाऊ, हे कसं होईन?”

हे दोन हजार सहा सालचं. कापसाने आमच्या जिल्ह्याचं पार वाटोळं केलं होतं. बसस्टँडसमोरून रोज कुठली ना कुठली बाहेरची गाडी जायची. कोणी पाहणीला यायचं, कोणी अभ्यासाला, कोणी फोटो काढायला. गावातल्या लोकांना त्या गाड्यांचे नंबर पाठ झाले होते. माझ्या बूथचं म्हणाल, तर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल येऊ लागले होते आणि दिवसाला चार कॉल झाले तरी मी खूश असायचो. त्यामुळे माझा बराचसा वेळ परवेजच्या स्टुलावर जायचा. जे सांगतो आहे ते त्या स्टुलावरून पाहिलेलं आहे.

परवेज पुसदच्या एका फोटो लॅबमध्ये आठ महिने होता. तिथे तो फोटोशॉप शिकला. सगळं शिकला असं नाही म्हणता येणार, पण एक गोष्ट अशी शिकला की तिच्यावर त्याचा जीव जडला. अक्षरात फोटो भरायचा. आधी कॉम्प्युटरवर जाडजूड अक्षरं लिहायची. त्यांच्यावर फोटो आणून ठेवायचा, म्हणजे अक्षरं झाकून जातात. पडद्याच्या उजव्या बाजूला थरांची यादी असते. तिथे अक्षरांचा थर खाली आणि फोटोचा थर वर दिसतो. त्या दोघांच्या मधल्या रेघेवर माऊस न्यायचा, ऑल्टचं बटन दाबून धरायचं आणि एक क्लिक करायचा. अक्षरांच्या बाहेरचा सगळा फोटो नाहीसा होतो, आतला तेवढा राहतो.

तो क्लिक करताना परवेज पडद्याकडे बघत नसे, गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघत असे. गिऱ्हाईक “अरे बाप्पा!” म्हणालं की त्याचा दिवस साजरा.

मग काय, दिसेल त्या अक्षरात फोटो. डेअरीवाल्याच्या ‘दूध’मध्ये त्याने म्हैस भरली. ‘दू’च्या उकारात एक शिंग आणि ‘ध’मध्ये शेपूट. डेअरीवाला म्हणाला, मधली म्हैस कुठाय? दातांच्या डॉक्टरांच्या नावात दाढा भरल्या, तर लेकरं बोर्ड बघूनच आईच्या कडेवर चढू लागली आणि डॉक्टरांनी आठवड्यात तो उतरवला. एका लग्नपत्रिकेत नवऱ्याच्या नावात नवरीचा फोटो आणि नवरीच्या नावात नवऱ्याचा. वऱ्हाडातल्या एका काकांनी मांडवात नवऱ्या मुलीला नवरदेवाच्या नावाने आशीर्वाद दिला. परवेजला यातलं काही लागत नसे. तो म्हणे, “लोकं थांबून पाह्यते ना भाऊ? बस.”

अशा या माणसाकडे दिवाळीनंतर एका दुपारी सत्यभामाबाई आणि नलू आल्या.

सत्यभामाबाई म्हणजे आमच्या वार्डातल्या ‘उन्नती महिला बचत गटा’च्या अध्यक्ष. अंगाने भरलेल्या, आवाज असा की पारवा गावाला निघालेल्या बसमध्ये बसलेल्या माणसाला रस्त्यावरून निरोप देऊ शकतील. नलू त्यांची सचिव. दहावी पास, अंगाने बारीक, कायम हातात वही. गटातल्या बाया हंगामात कापूस वेचायला जायच्या. आदल्या हंगामात वेचणीची कामं कमी झाली, तेव्हा सत्यभामाबाईंनी डोकं चालवलं. कापूस विकून काही हाती लागत नाही, तर वाती करून विकू. घरोघरी बाया सरकी काढून, कापूस पिंजून वाती वळू लागल्या. नलू बौद्ध, तिच्या घरी समई नाही, मेणबत्ती लागते. तिला कुणी चिडवलं तर म्हणायची, “शिवणारा काय सारेच कपडे सोता घालते काय?”

आता जानेवारीत यवतमाळला बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. तिथे लावायला फ्लेक्स हवा होता.

“साधं नाव नको,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “शंभर गट येतीन तेथी. लोकानं आमच्यापाशी थांबलं पाह्यजे.”

परवेजच्या डोळ्यांत चमक आली. मी स्टूल जरा मागे घेतलं.

“अक्षरात कापूस भरतो,” तो म्हणाला. “फुटलेला कापूस. पूर्ण नावात.”

“होईन काय?”

“होऊन जाईन ना.”

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर कॅमेरा घेऊन शिवारात गेला आणि खरंच देखणा फोटो काढून आणला. बोंडं अशी टच्च फुटलेली, की पडद्यावर हात लावावासा वाटे. संध्याकाळी दोघी आल्या. परवेजने पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरात ‘उन्नती महिला बचत गट’ लिहिलं, त्यावर कापूस ठेवला, सत्यभामाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि क्लिक केला.

सत्यभामाबाई “अरे बाप्पा” म्हणाल्या नाहीत. त्या पुढे वाकल्या. नलूही वाकली. मग मीही.

“नाव कोठी गेलं?” नलूने विचारलं.

पांढऱ्यावर पांढरा कापूस. नाव असं विरघळलं होतं की चार-दोन हिरवी पानं आणि एक काडी तेवढी मागे राहिली होती.

“हे पाहा ना ताई,” परवेज बोट ठेवून दाखवू लागला, “हे पान दिसते ना, हा ‘म’ हाय. अन् ही काडी म्हणजे ‘त’चा कानाच समजा.”

“भाव गेला,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “आता नावही गेलं काय रे?”

त्याने अक्षरांना काळी किनार लावून दाखवली. सत्यभामाबाई म्हणाल्या, तेरवीच्या पत्रिकेवानी दिसते. मग मागचा रंग निळा केला, तर आभाळात ढग आल्यासारखं झालं आणि नलूने विचारलं की हा हवामान खात्याचा बोर्ड आहे काय. परवेजने लाल करून पाहिला, हिरवा करून पाहिला. तेवढ्यात सत्यभामाबाईंची नजर भिंतीवर गेली. तिथे त्या लग्नपत्रिकेचा नमुना चिकटवलेला होता. नवऱ्याच्या नावात नवरी.

“हे काय? याच्यात माणूस भरता येते?”

“येते ना.”

“मंग आमाले भर. कापसाले कोण पाह्यते? एकेका अक्षरात एक बाई. लोकाले समजू दे कोणं वाती केल्या.”

मी परवेजकडे पाहिलं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि तेच त्याने दिलं.

नलूने लगेच वही उघडून अक्षरं मोजली. उ, न्न, ती. म, हि, ला. ब, च, त. ग, ट. बोटांवर दोनदा मोजली.

“अकरा होते बाई.”

“अन् आपण?”

“बारा.”

तिथे अर्धा तास गेला. नावापुढे ‘श्री’ लावावं असं सत्यभामाबाईंच्या मनात आलं, पण नलूने नुसतं पाहिलं आणि ते मागे पडलं. ‘जय’ लावला तर दोन अक्षरं वाढतात, मग एक बाई कमी पडते. परवेजने सुचवलं की शेवटी पूर्णविराम देऊ आणि त्यात एकीला बसवू. “टिंबात कोण बसते रे?” सत्यभामाबाई कडाडल्या, “तू बस.” शेवटी मी धीर करून म्हटलं की ‘न्न’ जोडाक्षर आहे, त्यात दोघी मावतील. हे पटलं. फक्त अर्ध्या ‘न’मध्ये कोण राहणार हे ठरेना. नलू म्हणाली, “आधी फोटो तं काढू.”

फोटो काढायला परवेज सत्यभामाबाईंच्या अंगणात गेला. सोबत मी, कारण छत्री धरायला कोणीतरी हवं होतं. तो म्हणायचा की उन्हाला छत्रीने अडवलं की फोटो मऊ येतो. बाया ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून ओळीने बसल्या होत्या. लालीबाई तांड्यावरून गावात राहायला आलेली. नाकात भला मोठा दागिना, हातभर पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे. रामीबाई सगळ्यांत म्हातारी, तिचे हात कोपरापर्यंत गोंदलेले.

परवेजने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. परत लावला, परत खाली घेतला. सगळ्यांचे चेहरे असे, की जणू घरात काही झालं आहे. रामीबाईने तर कपाळाला हात लावून जमिनीकडे नजर लावली होती.

“आजी, काही दुखून राह्यलं काय?”

“नाई बा.”

“मंग हासा ना थोडं.”

“फोटो काढू राह्यला ना तू?”

“हाव.”

“मंग हासू कायले?”

परवेजला काही उमगेना. उलगडा नलूने केला. “अरे, मागच्या साली ते पेपरवाले आलते ना. आमी कापूस वेचून राह्यलो होतो. हासलो, तं म्हणे हासू नका. एकानं मले तीन खेपा उठवून बसवलं. म्हणे ताई, दूर पाहा, आभाळाकडे.”

“मले म्हणे पदर डोयाले लाव,” लालीबाई म्हणाली. “मी म्हटलं, काहून? डोये तं चांगले हाय माहे.”

“मंग लावला काय?”

“लावला ना. दोन गाड्या भरून मानसं आलती, उन्हात उभी होती बिचारी. म्हटलं, घ्या बाप्पा.”

यावर रामीबाई आधी हसली. तिचे समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू फार मोठं दिसलं. मग सगळ्या हसल्या आणि परवेजने भराभर बटन दाबलं. अकरा बायांचे अकरा फोटो झाले.

“बारावी कोण हाय?” त्याने विचारलं.

नलू वहीत बघू लागली. सत्यभामाबाईंनी पदर नीट केला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “या वं बाहेर. किती लपता?”

दारातून सुपात वाती घेऊन बिस्मिल्लाबी बाहेर आली.

परवेजच्या हातातला कॅमेरा गळ्यात पट्टा होता म्हणून वाचला. “अम्मी? तू इधर?”

“हाँ. पाच महिने से.”

“तू तो खाला के यहाँ जाती थी ना?”

“रोज कौन जाता खाला के यहाँ, पागल?” ती म्हणाली आणि सूप खाली ठेवून शांतपणे वाती वळायला बसली.

तिने त्याला का सांगितलं नव्हतं, हे मी नंतर एकदा विचारलं. परवेजने तिला कशालाच नाही म्हटलं नसतं. तो कुणालाच म्हणत नव्हता. ती म्हणाली, “हो बोलता वो. फिर बाहर आके सबसे पहले तुमकोच बोलता.” बूथवर आलेल्या प्रत्येकाला मी ती बातमी दिली असती, हे खरं होतं.

परवेज आईसमोर कॅमेरा घेऊन बसला. तिने तळहात आडवा धरला. “मेरा फोटो नहीं. यवतमाल में टांगेंगे, सारी दुनिया देखेगी. तेरे अब्बा होते तो क्या बोलते?”

“बरं झालं,” परवेज पटकन म्हणाला. “अकराच अक्षरं हाय. हिशोब बसला.”

हे बोलायला नको होतं. सत्यभामाबाई उठून उभ्याच राहिल्या. “हिशोब बसला म्हणते! अरे, गटात सगळ्यात बारीक वात तुही माय वळते. तिले सोडून आमी दात काढत टांगून घेऊ काय?”

“मंग काय करू बाई? अम्मीच नाई म्हणते.”

“तोंड नाई त हात घे तिचे,” रामीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “हाताचं काय जाते?”

बिस्मिल्लाबीने विचार केला. हाताचं खरंच काही जात नव्हतं. तिने बांगड्या मागे सारल्या, वात घट्ट वळावी म्हणून राखेत बोटं टेकवली आणि पिंजलेल्या कापसाचा पेळू ओढून वळू लागली. परवेजने जवळ जाऊन दोन फोटो काढले. आईच्या हातांचे फोटो काढायची त्याच्यावर पहिलीच वेळ. त्याने ते फार काळजीने काढले असंही नाही. तो अजून खालाच्या गोष्टीवरून सावरला नव्हता.

दोन दिवसांनी सगळी पलटण स्टुडिओत. माझं स्टूल गेलं, मी दारात उभा. परवेजने प्रत्येक अक्षर सुटं करून, प्रत्येकात एकेक चेहरा भरून ठेवला होता. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

प्रत्येक बाई आपलं अक्षर शोधू लागली. मग लालीबाई म्हणाली, “माहं नाक कोठी गेलं?”

ती ‘ग’मध्ये होती. ‘ग’ला मधे फट असते. डावीकडच्या आकड्यात तिचा एक डोळा आणि गाल आला होता, उजवीकडच्या दांड्यात पलीकडचा कान. नाक आणि त्यातला भलामोठा दागिना बरोबर फटीत गेला होता.

“ते मधात गेलं काकू. तेथी अक्षर नाई ना.”

“मंग अक्षर टाक तेथी.”

“तेथी टाकलं तं ‘ग’ नाई राह्यत.”

“नको राहू दे ‘ग’. नाक पाह्यजे.”

सत्यभामाबाईंनी अध्यक्ष म्हणून पहिलं अक्षर घेतलं होतं. ‘उ’च्या वळणात त्यांचा जबडा आणि एक कुडी दिसत होती, बाकी चेहरा ‘उ’च्या पोकळीत हरवला होता. एकीच्या तोंडावर ‘ब’ची तिरपी रेघ आली होती, ती म्हणे माझ्यावर काट मारली. ‘हि’च्या वेलांटीत एकीचं नुसतं कपाळ. रामीबाई ‘ट’मध्ये, आणि ‘ट’ला वर जागाच नसते, त्यामुळे तिची हनुवटी आणि ते दोन दात नसलेलं हसू तेवढं गोल वळणात बसलं होतं. तिला मात्र ते आवडलं. ती म्हणाली, “ओळखू येते ना मी? झालं.” पण बाकीच्यांचा असा काही गलका उठला, की बसस्टँडवरचे प्रवासी उठून बघायला आले.

परवेज चेहरे सरकवू लागला. नाक आणलं की डोळे जायचे. डोळे आणले की बाई ओळखू येईना. चेहरे लहान केले तर फोटो अक्षराच्या कडेपर्यंत पोचेना. त्याच्या कपाळाला घाम आला. त्या गडबडीत कुठे काय क्लिक झालं कोण जाणे, ‘न्न’मधला चेहरा गेला आणि तिथे त्याखाली झाकून गेलेले बिस्मिल्लाबीचे हात आले.

गलका थांबला.

‘न्न’च्या दोन्ही गाठींमध्ये सावळी, सुरकुतलेली बोटं होती. नखांवर जुन्या मेंदीचा लालसर रंग. बोटांच्या चिमटीतून पांढरी वात खाली उतरत होती, ती उभ्या दांड्यातून सरळ तळाशी गेली होती. अक्षर लांबून वाचता येत होतं. हात कुठेही कापला तरी हातच वाटत होता.

“पाहा, हिचे हात कसे दिसू राह्यले,” रामीबाई म्हणाली. “अन् आमचे तोंडं पाहा. काढ ते.”

“सगळे?” परवेजने विचारलं.

“सगळे काढ,” लालीबाई म्हणाली. “हातच घे. नाकाची झंझट नाई.”

बिस्मिल्लाबी दाराशी बुरखा सावरून उभी होती. तिने ज्या तऱ्हेने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, त्यावरून मला कळलं की ती फार खूश आहे आणि ते कुणाला दिसू नये अशी तिची इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगण, पुन्हा छत्री. आता मात्र एकही बाई तोंड पाडून बसली नाही. रामीबाईने गोंदण दिसावं म्हणून पदर खांद्यावर खोचला. गोंदणात विंचू होता, तुळस होती आणि लहानपणी मेलेल्या भावाचं नाव होतं. ते नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं. नलूने विचारून वहीत लिहून घेतलं. लालीबाईच्या बांगड्या दोन अक्षरांना पुरल्या असत्या. नलूच्या बोटाला शाई होती, ती तिने पुसू दिली नाही. सत्यभामाबाई घड्याळ घालून आल्या. ते बंद होतं, पण त्यांनी काटे फिरवून बरोबर दहा वाजून दहाला लावलं होतं, कारण जाहिरातीत घड्याळ तिथेच असतं म्हणे. ‘न्न’मध्ये बिस्मिल्लाबी आणि सत्यभामाबाई दोघी आल्या, एकीने पेळू धरला, दुसरीने वळला. अकरा अक्षरांत बारा बाया बसल्या.

मागचा रंग हळदी ठेवला. अक्षरं सुटी केल्याने वरची रेघ तुटली होती, ती परवेजने लाल रंगात एकसंध ओढून घेतली. काम झालं असं वाटलं, तेव्हा सत्यभामाबाई खुर्ची ओढून बसल्या.

“आता कोपऱ्यात माहा एक फोटो टाक. हात जोडलेला. अध्यक्ष म्हणून.”

त्या काळी गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर कोपऱ्यात असा एक हात जोडलेला माणूस असायचाच. त्यामुळे मागणी काही वावगी नव्हती. परवेज पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नाई बाई.”

“काय?”

“नाई जमणार. चांगलं नाई दिसत.”

मी बूथमधून उठून आलो. सत्यभामाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी परवेजकडे, आणि परवेज स्वतःच्या हातांकडे. त्याला बहुतेक असं वाटत होतं की हे दुसरंच कोणी बोललं. कान लाल झाले होते. सत्यभामाबाईंचा आवाज आता पारव्यापर्यंत जाणार, या तयारीत आम्ही दोघं होतो.

“नाई तं नाई,” त्या म्हणाल्या. “पहिलंच सांगाचं ना मंग. एवढं मुरकून कायले बोलतं?” आणि चहा मागवून मोकळ्या झाल्या.

फाईल सीडीत भरून परवेज स्वतः यवतमाळला गेला, फ्लेक्स छापून, गुंडाळी मांडीवर घेऊन परतीच्या गाडीने आला. प्रदर्शनाला सगळ्यांसोबत मीही गेलो. बूथला कुलूप लावलं. कुणाला कळलंही नाही.

मैदानावर ओळीने मांडव होते. पापड, लोणची, तिखट, गोधड्या. प्रत्येक मांडवावर फ्लेक्स आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यात माणूस. आमच्यापुढे लोक थांबत. आधी अक्षरं वाचत, मग जवळ येऊन अक्षरांत बघत, मग खाली बसलेल्या बायांच्या हातांकडे. एक कॉलेजची पोरगी आळीपाळीने गोंदण आणि रामीबाई बघत होती. “आजी, ‘ट’ तुम्ही काय?” “मीच ना,” रामीबाई म्हणाली आणि हात पुढे केला. एका साहेबीण बाईंनी ‘न्न’कडे बोट दाखवून हे कुणाचे म्हणून विचारलं. बिस्मिल्लाबीने बुरख्याच्या आतून सांगितलं, “मेरे,” आणि हात पुन्हा मांडीवर घेऊन कामाला लागली.

सगळं सुरळीत झालं असं म्हणवत नाही. पहिल्या दिवशी वाऱ्याने फ्लेक्सची एक दोरी तुटली आणि अर्धा दिवस ‘उन्नती’ खाली वाकून होती. आणि वाती अशा खपल्या, की दुसऱ्या दिवशी दुपारीच पाकिटं संपली. कापसाचं एक पोतं सोबत होतं. बाया गोल करून वळायला बसल्या, तरी पुरं पडेना. माझ्या बोटांना संधिवात आहे, असं मी वेळीच सांगून टाकलं. मग सत्यभामाबाईंनी परवेजकडे पाहिलं. तो खांबाला टेकून आपल्या फ्लेक्सकडे बघत उभा होता, सकाळपासून तेच करत होता.

“नुसता पाह्यतं काय? बस खाली.”

तो बसला. बारा बायांच्या मधे, एकटा. त्याने कापूस घेतला, तळहातावर तळहात ठेवून घासला आणि जी वस्तू तयार झाली ती बघून लालीबाईने ओढणी तोंडात कोंबली. लांबी उदबत्तीएवढी आणि जाडी अंगठ्याएवढी.

“हे काय हाय बाबू?” रामीबाईने विचारलं. “याच्यानं दिवा लागते, का घर पेटते?”

“तीन उंगली से,” बिस्मिल्लाबी म्हणाली. “पूरे हाथ से नहीं. और राख लगा.” तिने त्याचा हात ओढून घेतला, त्याची बोटं आपल्या बोटांत धरून एक वात वळून दाखवली. मैदानातले लोक बघत होते. परवेजने मान खाली घातली, पण हात काढून घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने तीस वाती केल्या. त्यातल्या चार नलूने पास केल्या. उरलेल्या सव्वीस लालीबाईने एका वेगळ्या पाकिटात भरून मागे टाकून दिल्या, घरी चूल पेटवायला होतील म्हणून.

दिवे लागायच्या वेळी आर्णीकडचा एक म्हातारा आला. बारीक वाती त्याने बोटात धरून परत ठेवल्या. त्याच्या गावच्या देवळात पुरुषभर उंचीची दगडी दीपमाळ होती. तिच्यात असल्या वाती वाऱ्याने विझून जात. त्याची नजर मागच्या पाकिटावर गेली.

“ह्या बऱ्या हाय,” तो म्हणाला. “अशा जाड्या अजून निघतीन काय? पाच-सहा पाकिटं पाह्यजेत.”

लालीबाईने नलूकडे पाहिलं, नलूने सत्यभामाबाईंकडे. मग बाराही जणींनी परवेजकडे पाहिलं. तो नुकताच हात धुऊन आला होता. त्याने अंगावरचा कापूस झटकणं थांबवलं, बाह्या पुन्हा वर केल्या आणि पोतं आपल्याकडे ओढून घेतलं.